बॅकानेलिया

बॅकस या मद्यदेवतेच्या प्राचीन रोमन उपासनाविधींचे लॅटिन नाव. आज युरोपीय भाषांत बेताल मद्यपानाच्या जल्लोषाला हाच शब्द लावतात. मराठीतला ‘धिंगाणा’ त्याच्या जवळ जातो, पण धिंगाण्यात देव नसतो. बॅकानेलियात तो मध्यभागी आहे. बॅकस हे ग्रीकांच्या डायोनायससचेच दुसरे नाव. दक्षिण इटलीतल्या ग्रीक वसाहतींत त्याची उपासना रुजलेली होती.

शब्दाला बदनामी चिकटली ती इ. स. पू. १८६ मध्ये रोममध्ये या उपासकांवर झालेल्या खटल्यांमुळे. इतिहासकार लिव्ही सांगतो, की आधी हा विधी फक्त बायकांचा, वर्षातून तीन दिवस आणि तोही दिवसाढवळ्या. कँपेनियातील पाकुल्ला आन्निया या पुजारणीने पुरुषांना दीक्षा दिली, विधी रात्रीवर नेले आणि महिन्याला पाच दिवस ठरवले. पुढे दारू, व्यभिचार, खोटी मृत्युपत्रे, खून. बळींच्या किंकाळ्या ढोल-झांजांच्या गजरात बुडून जात. कटात सात हजारांवर स्त्रीपुरुष असल्याचे बोलले जाई, आणि कैदेपेक्षा देहदंडच जास्त झाले. हे वर्णन वाचताना एक गोष्ट विसरू नये: लिव्हीने ते दीडशेहून अधिक वर्षांनी लिहिले.

त्या काळाचा अस्सल पुरावा वेगळाच आहे. १६४० मध्ये कॅलाब्रियातील तिरिओलो येथे एक कांस्यपट सापडला. तो आता व्हिएन्नात आहे. त्यावर रोमन सिनेटचा हुकूम कोरलेला आहे: पुरुषाने पुजारी होऊ नये, सामाईक निधी ठेवू नये, आपसांत शपथा घेऊ नयेत, गुप्तपणे विधी करू नयेत. परवानगीशिवाय पाचांहून अधिक, म्हणजे दोन पुरुष व तीन स्त्रिया यांपलीकडे, जमू नये. मोडणाऱ्यास देहदंड. उपासना मुळासकट बंद केलेली नाही, आणि दारूचा तर संपूर्ण मजकुरात उल्लेखच नाही. सत्ताधाऱ्यांना धास्ती होती ती आपल्या नजरेबाहेर उभ्या राहणाऱ्या संघटनेची. शब्दाचा आजचा अर्थ मात्र हुकुमातून नव्हे, लिव्हीच्या कथेतून आला.

ग्रीसमध्येही हा आरोप जुनाच. युरिपिडीजच्या ‘बाक्खाय’ या नाटकात राजा पेंथिअसला वाटते, डायोनायससच्या उपासनेसाठी डोंगरात गेलेल्या बायका दारू पिऊन बहकल्या आहेत. त्यांना पहाटे प्रत्यक्ष पाहून आलेला गुराखी सांगतो: पाचोळ्यावर डोके टेकून त्या शालीनपणे झोपल्या होत्या, महाराज म्हणतात तशा झिंगलेल्या नव्हत्या.