युरेनियमची खनिजे थरांतच का वाढतात?

फ्रान्समधील ओतँ या गावावरून नाव मिळालेले ऑटुनाइट हे पिवळे-हिरवे खनिज पातळ चौकोनी पापुद्र्यांच्या रूपात आढळते आणि अभ्रकाप्रमाणेच त्याचे थर सहज सुटतात. कॅल्शियम, युरेनियम, फॉस्फेट आणि पाणी एवढ्यांनीच बनलेल्या या खनिजाचे जवळजवळ निम्मे वजन युरेनियमचे असते. इतका जड धातू असा नाजूक पत्र्यासारखा का रचला जातो, याचे उत्तर तीन अणूंच्या एका सरळ रेषेत आहे.

हवेच्या आणि पाण्याच्या संपर्कात आलेले युरेनियम बहुधा एकटे राहत नाही. त्याच्या दोन विरुद्ध बाजूंना एकेक ऑक्सिजन सुमारे 1.8 अँगस्ट्रॉम अंतरावर घट्ट बांधला जातो आणि ‘युरेनिल’ नावाचा धन आयन तयार होतो. (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोट्यंश.) टोकांच्या या दोन ऑक्सिजनांची बंधक्षमता युरेनियमशी जोडले जाण्यातच जवळपास संपते, त्यामुळे त्या दिशेला नवे मजबूत बंध फारसे होत नाहीत. उरलेले बंध कमरेभोवतीच्या पट्ट्याप्रमाणे मधल्या पातळीत, सुमारे 2.2 ते 2.5 अँगस्ट्रॉम अंतरावर, होतात आणि तेथे चार, पाच किंवा सहा अणूंना जागा असते. जोडणी आडव्या दिशेनेच शक्य असल्यामुळे रचना आडवी पसरत जाते, आणि म्हणूनच युरेनिलयुक्त खनिजांपैकी बहुसंख्य खनिजे थरांची आहेत.

ऑटुनाइटमध्ये हा पट्टा चार ऑक्सिजनांचा असतो आणि ते चारही वेगवेगळ्या फॉस्फेट गटांमधून आलेले असतात; उलट प्रत्येक फॉस्फेटही आपले चार ऑक्सिजन चार वेगवेगळ्या युरेनियम अणूंना देते. युरेनिलवर दोन धन आणि फॉस्फेटवर तीन ऋण प्रभार असल्याने अशा जोडीमागे एक ऋण प्रभार शिल्लक राहतो. तो भरून काढण्यासाठी दोन थरांच्या मध्ये कॅल्शियमचे आयन येतात आणि त्यांच्याभोवती पाण्याचे रेणू बसतात, जे हायड्रोजन बंधांनी थरांना धरून ठेवतात.

मला या खनिजात सर्वांत विलक्षण वाटते ते हे पाणीच. कोरड्या हवेत त्यातील काही रेणू निघून जातात, लगतच्या थरांमधील अंतर सुमारे 10.3 वरून 8.5 अँगस्ट्रॉमपर्यंत घटते आणि ऑटुनाइटचे मेटा-ऑटुनाइट होते. थर स्वतः मात्र तसेच टिकून राहतात. या बदलामुळेच अभंग ऑटुनाइटचा क्ष-किरणांनी अभ्यास करणे अवघड होते. शिवाय 92 इलेक्ट्रॉनांच्या युरेनियमपुढे एका इलेक्ट्रॉनचा हायड्रोजन क्ष-किरणांना जेमतेम जाणवतो, म्हणून पाण्यातील हायड्रोजनची जागा शोधण्यासाठी न्यूट्रॉनांची मदत अधिक उपयोगी ठरते.

थरांमधले आयन बदलताही येतात. कॅल्शियमच्या जागी तांबे असलेले टॉर्बर्नाइट गर्द हिरवे असते. ऑटुनाइट जंबुपार प्रकाशात झगमगीत हिरवे चमकते, पण टॉर्बर्नाइटमधील तांबे ती चमक सहसा शोषून टाकते. कॅल्शियमऐवजी हायड्रोजन आयन असलेले संयुग तर प्रोटॉनांचे उत्तम वाहक आहे.

ऑटुनाइट पाण्यात अत्यंत कमी विरघळते, म्हणून दूषित भूजलातील युरेनियम त्यात अडकवण्याचा विचार पुढे आला. अमेरिकेतील हॅनफर्ड येथे, जिथे दुसऱ्या महायुद्धापासून प्लुटोनियम बनवले जात होते, जमिनीत पॉलिफॉस्फेट सोडून असे खनिज तयार करण्याचे प्रयोग झाले. या उपायाचा मोठा शत्रू म्हणजे पाण्यातील कार्बोनेट. तीन कार्बोनेट गट प्रत्येकी दोन ऑक्सिजन देऊन युरेनिलचा पट्टा पूर्ण भरून टाकतात. तेथे फॉस्फेटला जागाच उरत नाही, थर वाढत नाही, आणि युरेनियम एकेकट्या विद्राव्य आयनाच्या रूपात पाण्याबरोबर पुढे सरकते.