मॉडर्न आर्टचं प्रिंट फ्रेमिंगला टाकताय? आधी हे वाचा

नमस्कार. काउंटरवर प्रत्येकाला हे सांगत बसलं की मागे गर्दी होते, म्हणून एकदाच छापून घेतलंय. घरी नेऊन चहा पिता पिता वाचा.

हल्ली नवीन फ्लॅट झाला की हॉलमध्ये एक मॉडर्न आर्ट लागतंच. लोक मोबाईल पुढे करतात, म्हणतात असं काहीतरी द्या आणि फ्रेम जरा भारी करा. भारी म्हणजे सोनेरी, नक्षीवाली, तीन इंची. पट्टी वाईट नाहीये हो, आजोबांच्या फोटोला लावा, रविवर्म्याच्या लक्ष्मीला लावा, छानच दिसते. पण ही मॉडर्न मंडळी निम्मी त्या सोनेरी चौकटीला वैतागूनच वेगळी झाली होती, आणि आपण त्यांना परत धरून त्यातच बसवतो.

सुरुवात पॅरिसची. तिकडे सरकारी प्रदर्शनात गुळगुळीत, पौराणिक विषयांची चित्रं चालायची, वर गिल्टची फ्रेम. त्यांच्याकडून नकार खाऊन कंटाळलेल्या पोरांनी १८७४ साली एका फोटोग्राफरच्या जुन्या स्टुडिओत आपलं आपलं प्रदर्शन लावलं. त्यात क्लोद मोनेचं धुक्यातल्या बंदराचं एक चित्र होतं, नारिंगी सूर्य आणि पाण्यावर त्याचे चार फटकारे, नावात 'इम्प्रेशन' असा शब्द. एका टीकाकाराने तोच शब्द उचलून सगळ्यांची टर उडवली आणि नाव चिकटलं ते कायमचं, इम्प्रेशनिझम. मराठी पुस्तकात दृक्प्रत्ययवाद म्हणतात पण आमच्याकडे येऊन तो शब्द अजून कोणी वापरलेला नाही, सगळे 'ते तळ्यातल्या कमळांचं' असंच म्हणतात, आम्हाला कळतं. मुद्दा असा की ही माणसं वस्तू रंगवत नव्हती, त्या क्षणी तिच्यावर पडलेला उजेड रंगवत होती, आणि ट्यूबमध्ये भरलेले तयार रंग तोवर मिळायला लागल्यामुळे सामान उचलून थेट नदीकाठी जाऊन बसणं सोपं झालं होतं. यातल्या पिसारोने आणि देगाने सोनेरी सोडून पांढऱ्या आणि रंगीत फ्रेमा वापरून बघितल्या. म्हणून मोनेच्या प्रिंटला आम्ही पांढरी किंवा फिकट लाकडी पट्टी सुचवतो, त्यात आमचा काही फायदा नाही, उलट सोनेरी महाग आहे.

जॉर्ज सेरा तर याच्याही पुढचा. त्याने ब्रशचे फटकारे सोडून नुसते ठिपके द्यायला घेतले, निळ्याशेजारी पिवळा ठेवला की लांबून डोळाच ते मिसळून घेतो असा हिशोब. नदीकाठच्या रविवारचं त्याचं मोठं चित्र शिकागोला आहे, साधारण ७ फूट बाय १० फूट, आणि त्याच्या कडेने त्याने ठिपक्यांचीच बॉर्डर स्वतः रंगवली. तेव्हा ते प्रिंट आणलंत तर माउंट, म्हणजे चित्र आणि पट्टीच्या मधली पुठ्ठ्याची कड, घालताना ती बॉर्डर झाकू नका म्हणून आम्ही भांडतो, राग मानू नका.

व्हॅन गॉगचं वेगळं. मागे एक काका 'स्टारी नाइट'चं कॅनव्हास प्रिंट घेऊन आले, काच पाहिजेच म्हणाले, धूळ बसते म्हणून. करून दिलं. आठवड्याने परत घेऊन आले, चांदण्यांपेक्षा आमची ट्यूबलाइटच जास्त दिसते म्हणे. ते चित्र त्याने १८८९ साली मनोरुग्णालयात असताना काढलं, रंग इतका जाड थापलाय की आभाळ हाताला लागेल असं वाटतं, त्यावर चकचकीत काच म्हणजे पुरणपोळी पॅकिंगसकट खाणं. कॅनव्हासला काच नको, कोरड्या मऊ कपड्याने पुसा. कागदी प्रिंटला मात्र काच लागतेच, पावसाळ्यात ओल धरते, तिथे मॅट काच घ्या.

फॉव्हिझम आणि एक्स्प्रेशनिझममध्ये रंग मनाप्रमाणे, बाईच्या चेहऱ्यावर हिरवा पट्टा वगैरे. मातीस आणि मंडळींना १९०५ साली 'जंगली जनावरं', फ्रेंचमध्ये 'फोव्ह', म्हणून हिणवलं गेलं, त्यावरूनच फॉव्हिझम नाव झालं. इथे पट्टी काळी, बारीक, बास.

क्युबिझम म्हणजे पिकासो आणि ब्राक. एकच गिटार समोरून, बाजूने, वरून, सगळं एकाच वेळी. लोक म्हणतात तोडफोड केलीये, अहो तोडफोड नाही, तुम्ही टेबलाभोवती फिरताना जे जे दिसतं ते एकाच कागदावर घातलंय. आमचं लाडकं म्हणजे पिकासोचं १९१२ चं एक लंबगोल चित्र, त्यात वेताच्या खुर्चीची जाळी छापलेलं मेणकापड चिकटवलंय आणि फ्रेम म्हणून भोवती चक्क दोर गुंडाळलाय! फ्रेमवाल्याचा धंदाच बसवला की.

सर्रिअलिझम, म्हणजे स्वप्नात दिसावं तसलं चित्र, त्याबद्दल एकच. दालीची ती वितळलेली घड्याळं सगळ्यांना चार फुटी पाहिजे असतात. मूळ चित्र २४ बाय ३३ सेंटीमीटर आहे, म्हणजे वहीच्या पानाएवढं! छोटं करा, रुंद माउंट द्या, माणूस जवळ जाऊन बघतो.

मॉन्ड्रियन, ते लाल-निळे-पिवळे चौकोन, त्याला चित्र फ्रेमच्या आत खोल बसलेलं नको असायचं, उलट पुढे आलेलं हवं असायचं. रॉथकोचे मोठे धूसर रंगपट्टे तर बिनफ्रेमचेच. या दोघांना फ्लोटर, म्हणजे चित्राच्या कडेने थोडी फट सोडणारी चौकट, किंवा नुसतं स्ट्रेचरवर, म्हणजे मागच्या लाकडी सांगाड्यावर, ताणलेलं कॅनव्हास.

आता आपल्याकडचं. १९४७ ला मुंबईत सूझा, रझा, हुसेन, आरा, गाडे, बाकरे या चित्रकार-शिल्पकारांनी प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुप काढला. सूझा गोव्याचा, साळगावचा. हुसेन सिनेमाची होर्डिंग रंगवायचे. यांची चित्रं लावायला धड गॅलरीसुद्धा नव्हती तेव्हा, जहांगीर आर्ट गॅलरी सुरू झाली १९५२ ला. मग सुरुवातीला ती कुठे दिसायची माहितीये? प्रिन्सेस स्ट्रीटवर केकू गांधींच्या शोरूमच्या काचेत, आणि ते शोरूम होतं फ्रेमांचं! पुढे १९६३ ला त्यांनी जहांगीरच्याच इमारतीत गॅलरी केमोल्ड काढली. हे आम्ही येईल त्याला सांगतो, सवय आहे. गायतोंडेंचं अमूर्त काम आवडत असेल तर पट्टी दिसणारही नाही इतकी बारीक घ्या, त्यांनी रोलर आणि पॅलेट नाइफने थर देत नुसता उजेड आणलाय.

कॉपीराइटवरून वाद नको. आपल्याकडे चित्रकार गेल्यावर पुढची ६० वर्षं हक्क राहतात. मोने, व्हॅन गॉग, मॉन्ड्रियन, मातीस यांची मुदत संपलीये, ती छापून देतो. पिकासो १९७३ ला गेला, दाली, रझा, हुसेन तर त्याच्याही नंतर, तेव्हा त्यांचं नेटवरून डाउनलोड केलेलं छापणार नाही, अधिकृत पोस्टर आणा, फ्रेम आनंदाने करू.

शेवटचं म्हणजे चित्र टांगायची कडी. अमूर्त चित्राची वरची बाजू कुठली हे आम्हाला दरवेळी कळतंच असं नाही, मध्ये एका ताईंचं आम्ही उलटं करून दिलं, त्यांनी तीन महिने तसंच लावलं, मग मुलाने ओळखलं. पट्टी फुकट बदलून दिली. मोठ्या ठिकाणीही होतं हे, न्यूयॉर्कच्या म्युझियममध्ये १९६१ ला मातीसचं होडीचं चित्र ४७ दिवस उलटं होतं, आणि मॉन्ड्रियनचं चिकटपट्ट्यांचं एक चित्र कित्येक वर्षं उलटंच टांगलंय असं जर्मनीत २०२२ ला लक्षात आलं, आता सरळ करायला गेलं तर पट्ट्या सुटतील म्हणून तसंच ठेवलंय. तेव्हा प्रिंट आणताना मागच्या बाजूला पेन्सिलने एक बाण काढून आणा, वर कुठे ते. पेन नको, शाई पुढे उमटते.