मधुमेही पायाच्या जखमेवरील प्रकाशोपचार

कमी शक्तीचा लाल किंवा अवरक्त प्रकाश मोजून जखमेवर टाकण्याची ही पूरक उपचारपद्धती आहे. बुडापेस्टचे एंद्रे मेस्टर यांनी १९६० च्या दशकात उंदरांवर लेसर वापरला, तेव्हा भादरलेले केस लवकर उगवले. पुढे त्यांनीच तो रेंगाळलेल्या जखमांवर वापरला.

साधारणपणे ६३० ते ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल किंवा ८०० च्या पुढचा अवरक्त प्रकाश वापरतात. पेशीतले सायटोक्रोम सी ऑक्सिडेज हे विकर (एन्झाइम) तो शोषते आणि पेशीची ऊर्जानिर्मिती वाढते, असे मानले जाते. यात शेक नसतो. मधुमेहाने बधिर झालेल्या पायाला चटका कळत नाही, म्हणून शेकाचा लाल दिवा किंवा वैशाखातले ऊन जखमेला दाखवणे म्हणजे नवी जखम ओढवून घेणे.

आधी पट्टी सोडून जखम सलाईनने धुतात. मेलेला भाग डॉक्टर काढतात. बीटाडीन वा चांदीचे मलम पूर्ण पुसावे लागते, कारण त्यांचा थर प्रकाश अडवतो. रुग्ण आणि परिचारिका दोघांनीही त्या तरंगलांबीचा प्रकाश अडवणारा चष्मा लावायचा. दर चौरस सेंटिमीटरला ५० मिलिवॉट देणारे यंत्र ८० सेकंद धरले की ४ ज्यूल पडतात. बहुतेक उपचार १ ते १० ज्यूलमध्ये बसतात. यंत्र लांब धरले की उजेड पसरतो आणि मात्रा घटते. जास्त वेळ धरल्याने जखम लवकर भरत नाही, उलट फायदा ओसरतो. आठवड्यातून दोन-तीनदा उपचार करून लगेच ओलसर ड्रेसिंग बांधतात.

दर आठवड्याला पारदर्शक प्लास्टिकवर जखमेची कड गिरवून ठेवावी. चार आठवड्यांत क्षेत्रफळ निम्म्यावर आले नाही, तर कारण पुन्हा शोधावे.

हे कारण बहुधा चालताना जखमेवर येणारा दाब हेच असते. कापसाची वेचणी लागली की रुग्ण पट्टीसकट वावरात जातो. पऱ्हाटीचा खुंट तळव्यात रुतला तरी त्याला कळत नाही. १० ग्रॅमच्या दाबाला वाकणारा नायलॉन धागा तळव्याला टेकवून ही बधिरता गावातही तपासता येते. कुष्ठरोगातही पाय असेच बधिर होतात. कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमातल्या एमसीआर (मऊ, सूक्ष्म छिद्रांच्या रबराच्या) चपला विदर्भाला ओळखीच्या आहेत आणि जखम भरल्यावर मधुमेह्यालाही त्या उपयोगी पडतात. जखम उघडी असताना मात्र चपलेवर भागत नाही; प्लास्टर किंवा खास बूट घालून भार काढावाच लागतो. त्याशिवाय टाकलेला प्रकाश वाया जातो.

लहान अभ्यासांत जखमा लवकर आकसल्याचे दिसले आहे, पण पुरावा अजून कच्चा आहे. म्हणून साखर, जंतुसंसर्ग, रक्तपुरवठा आणि दाब यांचा बंदोबस्त आधी करावा. कर्करोगाची शंका असलेल्या जखमेवर प्रकाश टाकू नये. पू, ताप, पसरणारी लाली, काळे पडलेले बोट, नाडी न लागणारे पाऊल किंवा तपासणीची सळई आत घातल्यावर हाडाला टेकते अशी जखम दिसली, तर पुढच्या पाळीची वाट न पाहता त्याच दिवशी शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय गाठावे.