अर्ध्या फेऱ्यात घट्ट होणारा सांधा

फर्निचर घेताना बहुतेक जण ते आधी जरा उचलून बघतात. हाताला जड लागलं की मजबूत ठरतं, आणि सुटे भाग जोडून उभं करायचं असेल तर तकलादू. हे दोन्ही समज एकाच चुकीतून येतात: आपण फळी पाहतो, सांधा पाहत नाही. कपाट किंवा खुर्ची निकामी होते तेव्हा फळी मधोमध तुटल्याचं क्वचितच दिसतं. आधी सांधा ढिला होतो, मग वस्तू डुगडुगायला लागते, आणि त्या डुगडुगण्यानं तोच सांधा आणखी झिजतो.

सुटं फर्निचर ही नवी टूमही नाही. फर्निचर बनवणाऱ्या मिखाएल थोनेटनं १८५९ साली ‘क्रमांक १४’ची खुर्ची बाजारात आणली. वाफेवर वाकवलेले लाकडाचे ६ तुकडे, १० स्क्रू आणि २ नट, एवढाच तिचा पसारा. एक घनमीटरच्या खोक्यात अशा ३६ खुर्च्या सुट्या करून मावत. त्या खुर्च्या आजही वापरात दिसतात.

आधी वजनाचं पाहू, कारण तिथलं गणित सोपं आहे. फळीचा वाकण्याला होणारा विरोध जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. जाडी दुप्पट केली तर वजन दुप्पट होतं, पण ताठपणा आठपट. याचं कारण असं की वाकताना फळीचा वरचा थर दाबला जातो, खालचा ताणला जातो आणि मधला थर जवळजवळ नुसता बसून असतो. मग मधलं जड लाकूड काढून तिथे मधमाश्यांच्या पोळ्यासारखी कागदी जाळी भरली तर? दोन्ही बाजूंना ३ मिमी एमडीएफ (लाकडाचे बारीक तंतू दाबून केलेली फळी) आणि मध्ये ३२ मिमी जाळी असा ३८ मिमीचा पट्टा घ्या. त्याचं वजन दर चौरस मीटरला ६ किलोच्या आसपास भरतं. १८ मिमीच्या भरीव पार्टिकल बोर्डचं (लाकडाचा चुरा दाबून केलेल्या फळीचं) भरतं सुमारे साडेबारा किलो. म्हणजे वजन निम्म्यावर आलं, आणि ताठपणा हिशेबानं पावणेचार पट झाला. प्रत्यक्षात जाळी थोडी तिरकी सरकते म्हणून तो त्याहून काहीसा कमी मिळतो. पोकळ पट्ट्याची खरी अडचण वेगळी आहे: जाळीत स्क्रू धरत नाही. म्हणून जिथे सांधा येणार तिथे, म्हणजे कडांना, आतून भरीव लाकडाच्या पट्ट्या बसवाव्याच लागतात. त्या नसलेला पट्टा कापून लहान करायला गेलात तर तो वाया गेला असं समजा.

नळीलाही हाच नियम लागू पडतो. २५ मिमी व्यासाची, दीड मिमी जाड भिंतीची पोलादी नळी मीटरला जेमतेम ८७० ग्रॅम भरते. तेवढ्याच वजनाची भरीव सळई १२ मिमीची होईल, आणि नळी तिच्यापेक्षा जवळजवळ आठपट ताठ असते.

इथे एका जाहिरातबाजीबद्दल स्पष्ट बोलायला हवं. घडीच्या टेबलांवर आणि खुर्च्यांवर ‘विमानात वापरलं जाणारं ॲल्युमिनियम’ असं ठळक छापलेलं असतं. मिश्रधातूची जात बदलली की तो किती भाराला कायमचा वाकेल हे बदलतं. पण भाराखाली तो किती लवेल, म्हणजे त्याचा ताठपणा, जवळपास सगळ्या ॲल्युमिनियम मिश्रधातूंत सारखाच असतो: सुमारे ७० गिगापास्कल, पोलादाच्या एक तृतीयांश. टेबल हलू नये यासाठी नळीचा व्यास आणि सांध्याची रचना पाहायची. विमानाचं नाव त्यात काहीच भर घालत नाही.

आता सांध्याकडे वळू. चार पट्ट्या कोपऱ्यांत एकेका खिळ्यानं जोडून चौकट केली आणि ती बाजूनं ढकलली तर तिचा समांतरभुज चौकोन होतो. पट्ट्या कितीही जाड असोत, ती कलणारच. त्रिकोण कलत नाही, कारण बाजूंची लांबी बदलल्याशिवाय त्याचे कोन बदलूच शकत नाहीत. म्हणूनच कपाटाच्या पाठीला लावायची ३ मिमीची पातळ फळी ही शोभेची वस्तू नव्हे. ती चारही कडांना नीट बसली की कर्णाची लांबी बदलू देत नाही, आणि सगळं कपाट गुण्यात, म्हणजे काटकोनात, राहतं. ‘मागे भिंतच आहे’ म्हणून ती न लावणारे लोक कपाटाचा सर्वांत महत्त्वाचा भाग खोक्यातच ठेवून देतात. जिथे पाठ लावता येत नाही, उदाहरणार्थ खुर्चीला, तिथे कोपऱ्याच्या सांध्यालाच कोन धरून ठेवावा लागतो. खरी परीक्षा तिथे असते.

खुर्चीचा हिशेब करून पाहू. बसलेला माणूस मागे रेलला आणि ४५० मिमी उंचीवरच्या बैठकीला २०० न्यूटन, म्हणजे सुमारे २० किलोचा आडवा जोर बसला. एकूण पीळ, म्हणजे जोर गुणिले उंची, झाला ९० न्यूटन-मीटर. दोन्ही बाजूंचे मिळून पाय आणि आडव्या पट्टीचे चार सांधे तो वाटून घेतात, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला साडेबावीस. पट्टी ६० मिमी रुंद असेल आणि तिच्या मधोमध एकच बोल्ट असेल, तर सांधा पट्टीच्या एका कडेवर टेकून उघडू पाहतो. त्या कडेपासून बोल्ट ३० मिमीवर आहे. साडेबावीस भागिले ०.०३, म्हणजे बोल्टवर ७५० न्यूटन ओढ येते. पट्टी ८० मिमी रुंद केली तर हीच ओढ ५६० वर उतरते. पट्टीची जाडी वाढवून यात काहीही साधत नाही, रुंदी वाढवल्यानं साधतं.

आता हाच बोल्ट आधीच आवळलेला असेल तर काय होतं? ६ मिमीचा बोल्ट, ६० मिमी लांब ॲलन की (षटकोनी टोकाची वाकडी चावी), आणि तिच्या टोकाला हातानं लावलेला ३० न्यूटनचा जोर: पीळ झाला १.८ न्यूटन-मीटर. त्यातला बराचसा आट्यांच्या आणि डोक्याखालच्या घर्षणात जातो. उरलेल्याचा अंदाज एका सोप्या सूत्रानं काढतात: पिळाला बोल्टच्या व्यासाच्या एक पंचमांशानं भागायचं. उत्तर येतं १५०० न्यूटन. एवढ्या बळानं पाय आणि पट्टी एकमेकांवर दाबून धरलेले आहेत. रेलण्यानं सांधा उघडू पाहणारी ओढ ७५० न्यूटन, म्हणजे ती या दाबाच्या निम्मीच आहे. दाब कमी होतो, पण शून्यावर येत नाही, म्हणून फट पडतच नाही. फट न पडलेला सांधा जणू अखंड लाकूड असल्यासारखा वागतो. ढिल्या सांध्याला मात्र दर वेळी उघडमीट करावी लागते आणि प्रत्येक उघडमिटीला लाकूड थोडं चेंगरतं. सुट्या फर्निचरचं सगळं शास्त्र या एका गोष्टीत आहे: सांध्यात आधीपासून भरून ठेवलेला दाब बाहेरच्या ओढीपेक्षा जास्त असला पाहिजे.

भरीव लाकडात हा दाब आणायला बॅरल नट सर्वांत चांगला. पट्टीच्या टोकात थेट स्क्रू मारला तर तो तंतूंच्या दिशेनं घुसतो आणि लवकर निसटतो. त्याऐवजी पट्टीला आडवं १० मिमीचं छिद्र पाडून त्यात आट्यांचं छिद्र असलेला दंडगोल नट घालतात, आणि पायातून आलेला बोल्ट त्यात आवळतात. नटचं छिद्र पट्टीच्या टोकापासून निदान ३० मिमी आत हवं, नाहीतर पुढचं लाकूड तंतूंच्या रेषेत उकलून बाहेर येतं. बोल्टसाठी छिद्र ६ नव्हे, ७ मिमीचं ठेवा. तेवढी मोकळीक नसली तर बोल्ट नटमध्ये लागतच नाही. नटच्या टोकावरची खाच बोल्टच्या दिशेत आणायची, ती तेवढ्यासाठीच दिलेली असते. शिवाय ८ मिमीची एक लाकडी खुंटी शेजारी हवी. एकटा बोल्ट पट्टीला स्वतःभोवती फिरू देतो.

फळ्यांच्या कपाटात बोल्टचं डोकं बाहेर दिसलेलं चालत नाही, आणि तिथूनच या क्षेत्रातला सर्वांत सुंदर जोड जन्माला आला: कॅम लॉक. कारागीर याला सर्रास मिनिफिक्स म्हणतात. एका फळीत अळंबीसारख्या डोक्याचा बोल्ट बसवतात. दुसऱ्या फळीत १५ मिमी व्यासाची जस्ताच्या मिश्रधातूची चकती, म्हणजे कॅम, असते. बोल्टचं डोकं चकतीच्या खाचेतून आत शिरतं आणि चकती फिरवली की तिची कड डोक्यामागे येते. गंमत त्या कडेच्या आकारात आहे. तिची आतली बाजू केंद्रापासून सारख्या अंतरावर नसते. चकती फिरेल तसतशी ती केंद्राकडे सरकत येते. म्हणजे ती वाटोळी गुंडाळलेली पाचरच आहे. अर्ध्या फेऱ्यात ती डोकं समजा दीड मिमी आत ओढते. डोकं कडेवरून सरासरी ५ मिमी त्रिज्येनं घसरत असेल, तर अर्ध्या फेऱ्याची वाट होते १५.७ मिमी. म्हणजे साधारण दहात एक असा चढ. धातूवर धातूचं कोरडं घर्षण धरू दहात दोन. चढ घर्षणापेक्षा कमी असला की पाचर आपोआप मागे घसरत नाही. बोल्ट कितीही ओढला तरी चकती उलटी फिरत नाही, पण स्क्रू ड्रायव्हरनं मात्र ती सहज सुटते. चढ दहात तीन केला असता तर चकती कमी फेऱ्यात आवळली गेली असती आणि हात काढताच सुटली असती. कंपनांनी घर्षण तात्पुरतं कमी होतं, म्हणून काही कॅमच्या कडेवर शेवटी बारीक दातेही काढलेले असतात.

कॅम फक्त ओढतो, तो वजन पेलत नाही. बोल्टभोवतीच्या छिद्रात मोकळीक असते, त्यामुळे फळी खाली सरकू पाहिली तर तिला अडवण्याचं काम शेजारच्या ८ मिमी जाड, ३० मिमी लांब लाकडी खुंट्यांचं. खुंट्या वगळून केवळ कॅमवर कपाट उभं केलं तर ते पहिल्या दिवशी घट्ट वाटतं आणि पुस्तकं भरल्यावर उतरायला लागतं.

मापं अशी. १६ मिमी फळीत चकतीसाठी १५ मिमीचं छिद्र साडेबारा मिमी खोल पाडायचं, खाली साडेतीन मिमीच उरतात, म्हणून ड्रिलला खोलीचा अडसर लावल्याशिवाय हे काम करू नये. छिद्राचं केंद्र फळीच्या टोकापासून बोल्टच्या लांबीनुसार २४ किंवा ३४ मिमीवर. फळीच्या जाडीतून येणारं बोल्टचं छिद्र ८ मिमीचं, जाडीच्या बरोबर मध्ये. खुंटीसाठी उभ्या फळीत ११ मिमी आणि आडव्या फळीच्या जाडीत २०–२१ मिमी खोली. बेरीज खुंटीपेक्षा किंचित जास्त हवी, नाहीतर खुंटी तळाला टेकते आणि सांध्यात फट राहते. मग लोक ती फट मिटवायला कॅम आणखी पिळतात आणि चकती फुटते. ती जस्ताची असते, पोलादाची नाही. गोंद खुंटीच्या एकाच टोकाला लावायचा, दुसरं टोक कोरडं.

चुका बहुतेक ठरावीकच असतात. बोल्ट फळीत पुरता बसलेला नसतो, त्याची कॉलर, म्हणजे मधलं रुंद कडं, पृष्ठभागाच्या वर राहते आणि डोकं चकतीच्या खाचेत नीट जातच नाही. किंवा चकती घालताना तिच्यावरचा बाण बोल्टच्या छिद्राकडे नसतो. अशा वेळी जोर लावायचा नाही; फळी मागे घेऊन बाण सरळ करायचा. पार्टिकल बोर्डात तोच स्क्रू पुन्हा बसवताना आधी हलक्या हातानं उलटा फिरवा. जुन्या आट्यांच्या सुरुवातीला तो किंचित खाली पडल्यासारखा जाणवतो. तिथून सुलटा फिरवला की तो जुन्याच आट्यांतून जातो. नाहीतर तो नवे आटे पाडतो, आणि दोन-तीन वेळा असं झालं की छिद्रात नुसता भुसा उरतो. वारंवार खोलायचं असेल तर आरंभीच फळीत धातूच्या आट्यांचा इन्सर्ट बसवावा.

पक्का आवळलेला सांधाही काही आठवड्यांनी सैल होतो, आणि त्यात कारागिराचा दोष नसतो. सतत दाबाखाली लाकूड हळूहळू चेंगरत राहतं. शिवाय ते सुकतं. तंतूंच्या आडव्या दिशेत ओलावा १ टक्क्यानं घटला की लाकूड सुमारे ०.२ टक्के आकसतं. ओलावा ४ टक्के उतरला तर ४० मिमी जाडीचा पाय ०.३ मिमी बारीक होतो. बोल्ट आकसत नाही. ६ मिमी बोल्टच्या आट्यांत १ मिमी अंतर असतं, म्हणजे एक तृतीयांश फेरा आवळला की हिशेब पुन्हा जुळतो. ऋतू बदलला की एकदा ॲलन की फिरवणं पुरतं.

जोडताना पहिल्याच सांध्याला पूर्ण आवळू नये. सगळे बोल्ट बोटांनी लागतील एवढेच लावायचे, वस्तू सपाट जमिनीवर उभी करायची, दोन्ही कर्ण मोजायचे. फरक २ मिमीपेक्षा जास्त असला तर लांब कर्णाच्या कोपऱ्यांवर दाब देऊन सरळ करायचं, पाठीची फळी लावायची, आणि मगच समोरासमोरचे सांधे आलटून पालटून आवळायचे. खोलताना क्रम उलटा: आधी पाठ, मग चकत्या अर्धा फेरा मागे, आणि फळी बोल्टच्या सरळ रेषेत ओढायची. एका टोकाकडून तिरकी उचकटली तर खुंटी आपल्या छिद्राची कड फोडते. चकत्या फळीतच राहू द्याव्यात, बोल्टही. प्रत्येक सांध्याच्या दोन्ही फळ्यांवर आतल्या बाजूला पेन्सिलनं एकच आकडा लिहावा. छिद्रं दिसायला सारखी असली तरी प्रत्येक जोडी थोडी आपापसात घासून बसलेली असते, आणि पुढच्या वेळी तीच जोडी जुळली तर सांधा पहिल्याइतका घट्ट येतो.