डबा तोच, गाडी दुसरी

अमेरिकेत ॲमट्रॅक या प्रवासी रेल्वे कंपनीची 'एम्पायर बिल्डर' म्हणून गाडी आहे, शिकागो ते सिॲटल, साधारण ३५५० किलोमीटर, गाडीत दोन रात्री काढाव्या लागतात. दुसऱ्या रात्री दीड-दोनच्या सुमारास ती स्पोकेनला येते आणि तिथे तिचे चक्क दोन तुकडे करतात, पुढचे डबे सिॲटलला, मागचे पोर्टलंडला. बर्थवर झोपलेल्याला उतरायचं नाही, बॅगा ओढायच्या नाहीत, काहीच नाही. कागदोपत्री त्या शिकागोपासूनच दोन गाड्या असतात, ७ नंबर आणि २७ नंबर, फक्त स्पोकेनपर्यंत जोडून धावतात. डायनिंग कार सिॲटलकडे जाते, मोठ्या काचांची लाउंज कार पोर्टलंडकडे, त्यामुळे पोर्टलंडवाल्यांना सकाळी बॉक्समधला थंड नाश्ता. पण त्यांना कोलंबिया नदीचा काठ बघायला मिळतो, मला विचाराल तर सौदा वाईट नाही.

आता डबे तोडणं म्हणजे कपलिंग, म्हणजे दोन डबे जोडणारी कडी, सोडली की झालं असं वाटतं, आणि तेवढं काम खरंच सोपं आहे. खरी भानगड असते ती हवेची आणि विजेची. सगळ्या डब्यांखालून ब्रेकचा एक पाइप जातो, त्यात दाबाखाली हवा भरलेली असते आणि हा दाब आहे तोवर ब्रेक सुटलेले राहतात. दाब गेला की ब्रेक लागतात, उलटं वाटतं पण मुद्दाम तसंच केलंय, कारण चालत्या गाडीचे डबे चुकून सुटले तर ते आपोआप थांबले पाहिजेत. म्हणून नवीन इंजिन लावलं की आधी पाइपमध्ये परत हवा भरायची, मग ब्रेक लावून-सोडून शेवटच्या डब्यापर्यंत दाब नीट पोचतोय ना ते बघायचं, ते झाल्याशिवाय गाडी हलत नाही. वेळ जातो तो यात.

वीज इंजिनातून येते, ४८० व्होल्टची. केबल काढली की एसी बंद, दिवे बंद, फक्त बॅटरीवरचे इमर्जन्सी दिवे चालू. स्पोकेनला कित्येकांना जाग येते ती धक्क्याने नाही, एसीचा आवाज अचानक थांबल्यामुळे.

परतीच्या दिशेला काम जास्त अवघड, कारण तिथे दोन गाड्या येऊन जोडायच्या असतात आणि एक लेट झाली की दुसरी वेळेवर येऊनही बसून राहते, मग शिकागोपर्यंत सगळेच लेट.

टेक्ससमधल्या सॅन अँटोनियोचा प्रकार अजून वेगळा आहे. शिकागोहून येणाऱ्या 'टेक्सस ईगल'चे काही डबे आठवड्यातून ३ दिवस लॉस एंजेलिसला जाणाऱ्या 'सनसेट लिमिटेड'ला जोडतात, पण ईगल रात्री दहाच्या सुमारास पोचते आणि सनसेट निघते पावणेतीनला, तोवर ते डबे माणसांसकट स्टेशनातच उभे, स्टेशनवरून वीज घेऊन.

अमेरिकेत गाडी न बदलता जाण्याचं हे सुख आधी सगळीकडे नव्हतं. पूर्वेकडून पश्चिमेला जाताना शिकागोला गाडी बदलावी लागायची आणि बऱ्याचदा स्टेशनसुद्धा. १९४६ साली रॉबर्ट यंग या रेल्वे मालकाने जाहिरातच दिली की डुकराला गाडी न बदलता देशाच्या या टोकापासून त्या टोकाला जाता येतं, तुम्हाला नाही! जाहिरात झोंबली, आणि त्याच वर्षी न्यूयॉर्कहून थेट कॅलिफोर्नियाला जाणारे स्लीपर डबे सुरू झाले, शिकागोत एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर डबाच ओढून न्यायचे. पण विमानांपुढे हे काही फार वर्षं टिकलं नाही.

तेव्हाच्या डब्यांना एक फायदा होता, दिव्यांची वीज चाकाच्या ॲक्सलवर चालणाऱ्या जनरेटरमधून यायची आणि बॅटरीत साठायची, इंजिन असो नसो. आपले जुने निळे आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याच्या डिझाइनचे) डबेही बहुतेक असेच, खाली बेल्टवर फिरणारा अल्टरनेटर आणि ११० व्होल्टच्या बॅटऱ्या, त्यामुळे एखादा स्लिप कोच जंक्शनला तोडून दुसऱ्या गाडीची वाट बघत ठेवला तरी आत दिवे-पंखे चालायचे. आताच्या एलएचबी (जर्मन डिझाइनच्या डब्यांच्या) गाड्यांना ७५० व्होल्टची वीज पॉवर कारमधून, म्हणजे जनरेटरच्या डब्यातून, किंवा थेट इंजिनातून मिळते, एसीला ते उत्तमच, पण असा डबा एकटा सोडला तर बॅटरी पुरेल तेवढाच वेळ, एसी तर नाहीच.