वजा लावणं वेगळं, गाळणी बसवणं वेगळं

मावशीच्या शेताचा सातबारा पाहायचा होता. महाभूलेखचं सरकारी पान आहे, तिथे उतारा फुकट दिसतो आणि डिजिटल सहीचा हवा असेल तर १५ रुपये पडतात. पण सर्चमध्ये त्याच्या आजूबाजूला 'असा काढा सातबारा' म्हणत एकच मजकूर फिरवून लिहिणाऱ्या साइटींची गर्दी होती. एकीने आधी मोबाइल नंबर मागितला आणि मावशीने तो देऊनही टाकला. ‘ही साइट मला परत दिसूच नये, असं कर,’ ती म्हणाली.

तसं करता येतं, पण दोन रीतींनी, आणि त्या दोन्हींना आपण सरसकट 'ब्लॉक करणं' म्हणतो.

पहिली रीत म्हणजे वजाचं चिन्ह. गूगलमध्ये शोधशब्दांनंतर एक जागा सोडायची, मग वजा, त्याला चिकटून रोमन लिपीत 'साइट', कोलन आणि लगेच नकोशा साइटचा पत्ता. मध्ये कुठेही जागा सोडायची नाही. असे दोन-तीन पत्ते एकापुढे एक लावता येतात. वजा काढून 'साइट' आणि कोलनपुढे फक्त 'जीओव्ही डॉट इन' लिहिलं, तर उलट काम होतं, म्हणजे केवळ सरकारी पानं उरतात. सातबाऱ्यासाठी मला हीच युक्ती सर्वांत उपयोगी वाटते.

दुसरी रीत गाळणीची. 'यूब्लॅकलिस्ट'सारखं एक्स्टेन्शन, म्हणजे ब्राउझरला जोडायचा छोटा प्रोग्राम, ब्राउझरमध्ये बसवायचं आणि पत्ता एकदाच यादीत टाकायचा. पुढच्या प्रत्येक शोधात ती साइट आपोआप लपते. इतरांनी केलेल्या तयार याद्याही त्यात जोडता येतात.

वजा एका शोधापुरता आणि गाळणी कायमची, एवढं सगळे सांगतात. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न असा, की गाळण्याचं काम होतं कुठे? वजाची सूचना सर्च इंजिनपर्यंत पोचते, तिथेच ती साइट वगळली जाते आणि तिच्या जागी मागचे निकाल पुढे येतात. एक्स्टेन्शनचं तसं नाही. इंजिनकडून नेहमीचे दहा निकाल येतात आणि त्यातले नकोसे तुमच्या पडद्यावर झाकले जातात. दहांपैकी सात यादीत असतील तर पानावर तीनच उरतात. जवळजवळ रिकामं पान पाहून 'गूगलला काही सापडलं नाही' असं वाटतं, पण तसं नसतं. पुढच्या पानावर जायचं. आणि इंजिनच्या सर्व्हरवर तयार होणारा एआयचा सारांश त्याच नकोशा साइटवरून घेतलेला असेल, तर पडद्यावरची गाळणी ते रोखू शकत नाही.

खरं तर कायमची यादी इंजिनकडेच असायला हवी. गूगलने हे केलं होतं. फेब्रुवारी २०११ मध्ये आधी क्रोम ब्राउझरसाठी, नकोशा साइटी निकालांतून ब्लॉक करणारं एक एक्स्टेन्शन आलं. त्याच महिन्यात निकृष्ट साइटींना खाली ढकलणारा, पुढे 'पांडा' म्हणून ओळखला गेलेला बदल झाला, तेव्हा गूगलने सांगितलं की लोकांनी सर्वाधिक ब्लॉक केलेल्या काही डझन डोमेनपैकी (म्हणजे साइटींच्या पत्त्यांपैकी) ८४ टक्के या बदलाच्या कक्षेत आले. म्हणजे सामान्य वापरणाऱ्यांची पारख किती नेमकी होती पाहा! मार्चमध्ये थेट गूगल खात्यातच ५०० साइटींपर्यंत यादी ठेवायची सोय झाली. ती पुढे बंद झाली, याचं मला आजही वाईट वाटतं. 'कागी' या सशुल्क इंजिनात मात्र साइट पूर्ण वगळणं, खाली ढकलणं किंवा वर आणणं हे सगळं आहे. पैसे मोजणाऱ्यालाच हा हक्क मिळावा, हे मला पटत नाही.

या दोन्ही रीतींनी साइट फक्त शोधनिकालांतून जाते. व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी लिंक पाठवली तर ती उघडतेच.

अँड्रॉइड फोनवरच्या क्रोममध्ये एक्स्टेन्शन चालत नाहीत, फायरफॉक्समध्ये चालतात. म्हणून मावशीच्या फोनवर फायरफॉक्स घातलं, यादीत ती नंबर मागणारी साइट आणि तिच्यासारख्या आणखी चार टाकल्या. महाभूलेखचं पान तिच्या होम स्क्रीनवर ठेवलं, म्हणजे सातबाऱ्यासाठी तिला सर्च उघडावाच लागणार नाही.