भाषा येणे आणि प्रोग्रॅमिंग येणे

चाळिशीत क्षेत्र बदलून प्रोग्रॅमिंगकडे, म्हणजे संगणकाला सूचना लिहून देण्याच्या कामाकडे, निघालेली माणसे हमखास विचारतात, "पायथन शिकू की जावा?" या दोन्ही अशा सूचना लिहिण्याच्या भाषा. प्रश्नात गैर काही नाही, पण त्यामागे एक घोळ दडलेला असतो आणि तो ऐकून ऐकून मी आता कंटाळलो आहे. भाषा येणे वेगळे आणि प्रोग्रॅमिंग येणे वेगळे. पहिले साधले की दुसरे आपसूक साधते, असे गृहीत धरून लोक एकामागून एक अभ्यासक्रम करत राहतात.

किरकोळ गोंधळ आधी मिटवू. जावा आणि जावास्क्रिप्ट दोन्ही १९९५ साली लोकांसमोर आल्या, पण नाव सोडले तर त्यांच्यात फारसे नाते नाही. एचटीएमएल वेबपानाची रचना सांगते, ती प्रोग्रॅमिंगची भाषा नव्हे. 'कोडिंग' म्हणावे की 'प्रोग्रॅमिंग', हा वाद ज्यांना वेळ आहे त्यांनी घालावा.

भाषेविषयीही फार लिहीत नाही, कारण एखादा अभ्यासक्रम पुरा केलेल्याला ती ठाऊकच असते. १९८९ च्या प्रमाणित सी भाषेत राखीव शब्द, म्हणजे ज्यांचा अर्थ भाषेनेच ठरवून ठेवलेला असतो असे शब्द, अवघे ३२ होते आणि पायथनमध्येही ते पस्तिसाच्या आसपासच आहेत. लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणे), फंक्शन (नाव दिलेला सूचनांचा गट), लिस्ट (यादी) ही सामग्री काही महिन्यांत ओळखीची होते. एखादा स्वल्पविराम कुठे द्यायचा हे विसरले, तर ते शोधून सापडते.

जे शोधून सापडत नाही ते असे. समजा, बिले चुकती केल्याच्या ५०० नोंदी आहेत आणि एखादे बिल चुकून दोनदा दिले गेले आहे का, ते पाहायचे आहे. व्हिडिओतला असाच प्रोग्रॅम पाहताना मान डोलावणारा माणूस कोऱ्या स्क्रीनसमोर बसला की पहिली ओळ सुचत नाही म्हणून थबकतो, आणि मग आपल्याला भाषा नीट आली नाही असे समजून नवा अभ्यासक्रम घेतो. माझा सगळा राग या निष्कर्षावर आहे.

अशा वेळी संगणक बाजूला ठेवून दहा नोंदी कागदावर घ्याव्यात आणि आपण हाताने काय करतो याकडे लक्ष द्यावे. आपण बिलाचा क्रमांक वाचतो, तो आधी येऊन गेला का हे आठवतो, आला असेल तर खूण करतो. म्हणजे 'आधी येऊन गेलेले' कुठेतरी साठवायला हवे. पायथनमध्ये त्यासाठी 'सेट' आहे, पण तशी जागा लागते हे उमगणे, हे प्रोग्रॅमिंग. प्रत्येक नोंद इतर प्रत्येक नोंदीशी ताडून पाहिली तर १,२४,७५० तुलना होतात, साठवून ठेवले तर प्रत्येक नोंदीमागे एकदाच विचारावे लागते, हे दिसणे, हेही प्रोग्रॅमिंग.

एवढ्यावर भागत नाही. दोन वेगळ्या पुरवठादारांच्या बिलांचा क्रमांक एकच असू शकतो, म्हणून पुरवठादार आणि क्रमांक यांची जोडी तपासावी लागते. एकाच बिलाचा क्रमांक नोंदवताना एकाने '०४७' लिहिले, दुसऱ्याने '४७'. शिवाय एकच बिल दोन हप्त्यांत दिले असेल, तर ती चूक नव्हेच. यातले काहीही भाषेच्या पुस्तकात नसते. वीस वर्षे हिशेब सांभाळलेल्या माणसाला मात्र ते झोपेतही सांगता येते. उशिरा शिकणाऱ्याची ही शिदोरी मोठी असते, आणि "नवीन क्षेत्र आहे, जुने सगळे विसरून ये" असा सल्ला देणारे नेमकी तीच टाकून द्यायला सांगतात.

म्हणून पहिल्या भाषेबाबत माझे मत ठाम आहे: पायथन घ्यावी आणि वर्षभर दुसरीकडे पाहू नये. व्हिडिओ पाहून झाला की तो बंद करून तोच प्रोग्रॅम न बघता लिहावा, अडेल तिथे अडू द्यावे. निदान अर्धा तास तरी उत्तर शोधायला जाऊ नये. चालेना झाला तर ओळी अंदाजाने इकडेतिकडे हलवण्याऐवजी प्रत्येक टप्प्यावर काय साठले आहे ते स्क्रीनवर छापून पाहावे. वरच्या उदाहरणात सेट छापला की '०४७' आणि '४७' शेजारी-शेजारी नसले तरी दोन्ही त्यात दिसतात, आणि दुसऱ्यांदा दिलेले ते बिल निसटले कसे, याचा उलगडा तिथेच होतो.